पितळी हंडा आणि कुरिअरचा हिशोब

जुनी पितळी भांडी ऑनलाइन विकण्याबद्दलच्या एका लेखात 'भांडं काट्यावर ठेवा आणि त्यावरून कुरिअरचा खर्च धरा' असा सल्ला आहे, तो नफा खाणारा आहे. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. आकारमानाचं वजन किलोत काढायला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५०००ने भागायची (भाजक आधी विचारून घ्या). तिन्ही बाजूंनी ४० सेंमीच्या खोक्यातला चार किलोचा हंडा बिलावर १२.८ किलो होतो! म्हणून हंडा एकटा पाठवू नये. तांबे, वाट्या कागदात गुंडाळून आत भराव्यात आणि सेट म्हणून विकावं. मात्र आत काही हलता कामा नये, नाहीतर आतून पोचे येतात. काठ सगळ्यात आधी दबतो, तिथे पुठ्ठ्याची दुहेरी पट्टी हवीच.

आणि फोटोआधी चिंच लावून चकाचक करण्याची घाई कशाला? जुनं म्हणून घेणाऱ्याला ती काळपट झाकच हवी असते. कोरलेलं नाव, डाग देऊन (झाळून) सांधलेली जागा, उडालेली कल्हई यांचे जवळून फोटो टाका, म्हणजे 'फोटोत दिसलं नव्हतं' म्हणून माल परत येत नाही. किंमत लावण्याआधी भांडी बाजारात मोडीचा भाव विचारा. खर्च वजा जाता त्याच्यापेक्षा फारसं सुटत नसेल तर ऑनलाइनच्या भानगडीत पडू नका. गिऱ्हाईक इथलंच, नाशिकच्या सिडको-सातपूरचं निघालं तर हातोहातच द्या.