लाकडाचा पासपोर्ट

मागच्या शनिवारी विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कात माझी लाकडं पकडली गेली. गांजा नाही, दारू नाही, चुलीत घालायची लाकडं.

जागा सुंदर आहे, त्यात वाद नाही. दोन्ही बाजूंना पाचशे फुटी कडे, मधे तळं, शिकागोपासून तीन-साडेतीन तास. तंबूच्या जागेचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, आणि ते मिळवायला मी जेवढा जागलो तेवढा स्वतःच्या लग्नाचं कार्यालय शोधतानाही जागलो नव्हतो. वर गाडीला इलिनॉयची, म्हणजे परराज्यातली नंबर प्लेट, म्हणून पैसे जास्त. तेही दिले.

बेत एकच होता, शेकोटीत वांगी भाजून भरीत. परसातलं ॲशचं झाड वाळलं तेव्हा ते तोडणाऱ्याने माझा खिसा असा कापला होता की मी हट्टाने सगळी लाकडं ठेवून घेतली. आता वसुली!

शेजारच्या साईटवर एसटीएवढी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, आणि बाहेर खुर्चीत सत्तरीचे एक आजोबा, मांडीवर स्वेटर घातलेलं कुत्रं (जूनमध्ये!). मी डिकी उघडली.

"लाकूड कुठलं?"

"घरचं."

"घर कुठे?"

"इलिनॉय."

आजोबांनी कुत्रं खाली ठेवलं. एखादा सर्जन हात धुवायला उठतो तसे उठले, खिशातून चाकू काढला आणि माझ्या परवानगीशिवाय माझ्या ओंडक्याची साल सोलायला लागले. इथे दहा मैलांच्या पलीकडचं लाकूड चालत नाही, म्हणाले, शिक्का मारलेलं असेल तरच. का, तर एमरल्ड ॲश बोरर. हिरवा चमकदार किडा, 2002 साली मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला, त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे खणतात, झाड उपाशी मरतं, आणि किडा बाहेर पडतो ते भोक बरोबर इंग्रजी डी अक्षरासारखं असतं. "आशियातून आलाय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता ते सहज बघितलं की मुद्दाम, यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

मी म्हटलं, झाड मरून वर्ष झालं, किडे केव्हाच गेले असतील. ते म्हणाले, "त्यांनी तुला सांगितलं का?" यावर काय बोलणार! पाच मिनिटांत पार्कातली एक मुलगी गाडी घेऊन आली, अतिशय गोड बोलली, सतरा वेळा सॉरी म्हणाली आणि लाकडं घेऊन गेली. आजोबांनी उचलायला मदत केली.

नियम बरोबर आहे हो, मला कळतं. पण ज्यांचं हे तळं ते इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक याला पवित्र तळं म्हणायचे, मागून आलेल्यांनी त्याचं सैतानाचं करून टाकलं, तेव्हा नव्हतं का कोणी खुर्चीत बसून विचारणारं, बाबांनो कुठून आलात, दहा मैलांच्या आतले का? हे मी आजोबांना बोललो नाही. तंबूत बायकोला बोललो, ती म्हणाली, "अरे, खुंट्या ठोक आधी."

मग रस्त्याकडेच्या एका घरासमोरून, डब्यात पैसे टाकून, स्थानिक, अस्सल, दहा मैलांच्या आतली मोळी आणली. ओली! दीड तास फुंकतोय, डोळ्यातून गंगा-यमुना, वांगी एका बाजूने काळी आणि आतून क्रिकेट बॉल. मुलगा चिवड्यावर जेवून झोपला. आणि शेजारी आजोबांनी एक नॉब फिरवला, भक्कन जाळ. गॅसची शेकोटी! हा माणूस लाकूड जाळतच नाही!

"ती जांभळी वस्तू इकडे आण," आजोबा म्हणाले. मी जाणार नव्हतो. बायको गेली. दहा मिनिटांत वांगी अशी खरपूस की साल बोटाने निघाली. भरिताची वाटी रीतसर त्यांच्याकडे गेली, त्यांनी चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाले, "वा, काय लाकडाच्या धुराचा वास आहे!" दुसऱ्यांदाही मागितलं. आणि अकराला दोन मिनिटं कमी असताना तंबूवर टकटक करून सांगून गेले, की अकरानंतर शांतता पाळायची असते. आम्ही झोपलेलो होतो.

काल डिकी झाडताना सालीचा एक तुकडा निघाला. त्यावर छोटंसं भोक, एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला गोल. बायको स्वयंपाकघरात होती. मी तो तुकडा कचऱ्यात अगदी तळाशी घातला आणि वर चहाचा चोथा टाकला.