पाठीत नाक खुपसले

पुण्यात पाऊस ओसरला की लोकांना दिवाळी अंकांचे आणि फराळाचे वेध लागतात. आमच्या घरच्यांना माझ्या कमरेचे लागतात. ऑक्टोबरात माझ्या शिंका सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग कमर धरते. दरवर्षी. पण याला सहानुभूती म्हणून मिळत नाही. सिलिंडर उचलताना उसण भरली म्हटलं की माणसं हळहळतात. शिंकताना भरली म्हटलं की तीच माणसं तोंड फिरवून हसतात.

यात दोष मुख्यतः समोरच्या मोकळ्या प्लॉटचा. तिथे गाजर गवत माजलंय. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात, काही जण चटक चांदणी. मूळचं अमेरिका खंडातलं हे गवत भारतात पसरू लागल्याची नोंद झाली ती १९५५-५६च्या सुमारास आणि तीही पुण्यातच. पहिला नंबर असूनही पुणेकर मिरवत नाहीत अशी ही बहुधा एकमेव गोष्ट. त्याचे परागकण नाकात गेले की काय होतं ते मला विचारा. शिवाय सोसायटीच्या फाटकाशी सातवीण आहे. संध्याकाळी ती घमघमली की वरच्या मजल्यावरच्या कवयित्री खोल श्वास घेतात आणि मी रुमाल घेतो.

मुळात शिंक हे नाकाचं काम आहे हाच गैरसमज. नाक फक्त तक्रार नोंदवतं, राबतात ते बाकीचे. आधी छातीभर श्वास आत जातो, घशातलं दार बंद होतं, मग बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू एकदम आवळतात, आत दाब वाढतो आणि दार धाडकन उघडतं. त्या दाबातला वाटा मणक्यांमधल्या गाद्यांनाही मिळतो. त्यातून आपण सभ्य माणसं, शिंकताना पुढे वाकतो आणि समोर कुणी असेल तर तोंडही वळवतो. म्हणजे झटका, वाक आणि पीळ, तिन्ही एकदम. सर्दीवाला एखाददुसऱ्या शिंकेवर सुटतो. ॲलर्जीवाल्याची माळ लागते.

यंदाचा मुहूर्त माळ्यावरचा. दिवाळीची साफसफाई म्हणजे वर्षभराच्या धुळीला आपण होऊन हलवून जागं करणं, असं माझं मत. आईच्या मते माझी ॲलर्जी हा काम टाळायचा बहाणा. स्टुलावर चढून मी माळ्यात डोकं घातलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला चकलीचा सोऱ्या हाती लागला, कागद सोडवला आणि त्यातून पिठूळ, तेलकट धूळ थेट नाकात. पहिली शिंक निभावली. दुसरीला कमरेच्या डाव्या बाजूला अशी चमक निघाली की मी होतो त्याच कोनात थिजलो. एक हात माळ्याच्या कडेला, दुसऱ्यात सोऱ्या. खालून आईचा आवाज आला, "पितळी आहे हो तो, पाडशील!"

मग डॉक्टर. नाकाचे वेगळे, पाठीचे वेगळे आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. नाकाचे म्हणाले, नाक चोंदतं ना, मग उशाला दोन उशा घ्या. पाठीचे म्हणाले, दोन उशा? सपाट झोपा. सपाट झोपलं की श्वास घ्यायला तोंड उघडावं लागतं, उशा घेतल्या की मान आणि पाठ दोन्ही आखडतात. हा प्रश्न ॲलर्जीच्या गोळीने परस्पर सोडवला. जुन्या धाटणीची गोळी ती, तिने गुंगी येते. मी बातम्या बघता बघता सोफ्यावरच वेडावाकडा झोपलो. सकाळी उजवी बाजूही धरली.

आईचा भरवसा वेगळ्याच शास्त्रावर. तळमजल्यावरच्या काकू पायाळू आहेत, आणि पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते ही आमच्याकडची पक्की श्रद्धा. मला सतरंजीवर पालथं घालण्यात आलं. काकूंनी नऊवारीचा काठ सावरला, देवाचं नाव घेतलं आणि अलगद टाच लावली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सतरंजी माळ्यावरची होती. काकूंचा पाय पाठीवर असतानाच मी शिंकलो आणि आता त्यांचा घोटा मुरगळलाय.

शेवटी कामाला आली ती फिजिओथेरपिस्ट मुलगी. तिने चक्क शिंकायला शिकवलं: शिंक दाबायची नाही, ताठ उभं राहायचं, गुडघे किंचित सैल आणि हात भिंतीवर नाहीतर टेबलावर टेकायचा. उपाय बिनखर्चाचा. अडचण एवढीच की शिंक येताना भिंत बघून येत नाही. घराबाहेर पडताना शिंक आली तर आई अपशकुन म्हणून पुन्हा बसायला लावते, आणि बसून उठणं हाच खरा अपशकुन असतो.

परवा बँकेत रांगेत उभा होतो आणि नाक हुळहुळायला लागलं. भिंत लांब, टेबल काचेपलीकडे. नाइलाजाने पुढच्या अनोळखी गृहस्थांच्या खांद्यावर हात टेकला, ताठ झालो आणि शिंकलो. ते सावकाश, अख्खं अंग फिरवून वळले. माझ्या लाल नाकाकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं.

"कमरेत भरते का?"

"हो ना."

ते रांगेतून एक पाऊल बाजूला सरकले. "मग या पुढे. इथून खांब हाताशी आहे. फक्त माझी आली तर खांदा द्या जरा."