अळीचं घर फुकटात होत नाही

पावसाळ्यात शिराळा, पाटण, जावळीकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: भातातली पानं गुंडाळणारी अळी फुकटात घर बांधते, आत आरामात खात बसते, तिथं तिला एकही शत्रू गाठत नाही, तेव्हा गुंडाळी दिसली की कडक औषध मारा. यात खरं एवढंच, की अंगावर पडून मारणारं औषध गुंडाळीत नीट पोचत नाही.

‘फुकटात’ हे तर साफ चूक. रेशीम म्हणजे प्रथिन. तुतीच्या रेशीमकिड्याच्या धाग्यातल्या फायब्रॉइन या मुख्य प्रथिनात सुमारे तीन चतुर्थांश वाटा ग्लायसिन आणि अ‍ॅलानिन या दोन अमिनो आम्लांचा असतो. त्यांना नत्र लागतं, आणि पानात नत्र तोकडंच. ज्या नत्रावर अंग भरायचं, पुढं मादीची अंडी पोसायची, त्यातलंच धाग्याला जातं. (युरियाचा हात सैल सोडलेल्या भातात ही अळी का माजते, ते यावरून ओळखा.) बरं, एकदा बांधून भागतही नाही. हिरवा भाग खरवडून पान पांढरं पडलं की दुसरं पान, पुन्हा शिवण. डोकं इकडून तिकडं फिरवत धागे टाकायचे. ताणलेला धागा आखडतो तसं पान वळतं. तेवढा वेळ खाणं बंद आणि अंग उघड्यावर.

या खर्चाचा माग पुढं किती जातो, ते फुलपाखरांच्या जवळच्या नात्यातल्या कॅडिसफ्लाय या कीटकावर १९९९ साली तपासलं गेलं. अळ्यांना रेशमाने जोडलेली घरं पुन्हा बांधायला लावली, तर प्रौढ कीटकांची छाती लहान राहिली. उडण्याचे स्नायू तिथंच असतात.

‘शत्रू गाठत नाही’? नारळावरची काळ्या डोक्याची अळी जाळीच्या बोगद्यात राहते, तरी गोनिओझस नावाची चिमुकली गांधीलमाशी आत शिरून तिला गाठते. बागांत ती मुद्दाम सोडतात. अमेरिकेतल्या एका स्किपर फुलपाखराची अळी तर आपली लेंडी अंगाच्या ३८ पटींपर्यंत लांब उडवते. लेंडीच्या वासावर गांधीलमाश्या घर हुडकतात, हे संशोधक मार्था वाइस यांनी २००३ साली दाखवलं. घर एवढं सुरक्षित असतं, तर हा खटाटोप कशाला?

आरामाचंही तेच. बर्च झाडावरची एक अळी घरात दुसरी घुसू लागली की पानावर जबडे आपटून तिला हुसकावते.

राहिलं कडक औषध. लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात भात पानांचं नुकसान भरून काढतो; तेव्हा मारलेलं औषध अळीआधी तिच्या शत्रूंना संपवतं. त्यापेक्षा पिकावरून काटेरी फांदी ओढा. गुंडाळ्या उघडतात, अळ्या खाली पडतात, आणि वाचलेल्यांना सगळं रेशीम नव्यानं काढावं लागतं. पीक पोटरीत असताना वरच्या पानांवर गुंडाळ्या वाढल्या, तर मात्र सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून फवारणीचं ठरवा.