घोडीपुढची बादली पालथी कुणी घातली?

काल संध्याकाळी फुलेवाडीच्या पुढं भाच्याच्या तबेल्यावर गेलो, तर घोडीपुढची बादली पालथी. म्हणाला, "मामा, परवा 40 किलोमीटरची रपेट हाय. सकाळपासनं पाणी तोडलंय, घोडी हलकी पळती." कुणी सांगितलं? त्यानं मोबाईल पुढं केला. गेल्या आठवड्यात मला तीन ग्रुपांवर आलेला तोच मेसेज: 'छत्रपतींच्या घोड्यांना कुठला डॉक्टर तपासत होता? रपेटीआधीची तपासणी हा पैसे काढायचा धंदा. मालकाला घोडा कळतो. ठोके ऐकायची नळी लावली की घोडा बुजतो, ठोके वाढतात. आदल्या दिवसापासून पाणी तोडा, पाय धरत असेल तर सुई मारा.' खाली भगवा झेंडा आणि 'पुढे पाठवा'.

पाण्याचं आधी बोलतो, कारण जनावर त्यातच जातं. घोडीचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबला. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. माझे तीन मोजून झाले. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच. त्यात दुपारी तिला फिरवूनही आणलेलं! घोड्याच्या मोठ्या आतड्यात पाणी आणि क्षार साठलेले असतात, लांब पल्ल्याला त्याची शिदोरी तीच. उन्हात पळणारा घोडा तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळू शकतो आणि त्याचा घाम रक्ताहून खारट. पाण्याबरोबर मीठही गेलं की तहान हवी तशी लागत नाही. मग पुढं बादली ठेवली तरी तोंड लावत नाही आणि मालक म्हणतो, बघा, तहानलेला नाही! तिथनं पुढं पोटशूळ. डॉक्टर कुशीला नळी लावून आतडी गुडगुडतायत का ते ऐकतो, ते काय हौस म्हणून?

आता छत्रपती. हे वाचून तर डोकंच फिरलं. सभासद बखरीत पागेची व्यवस्था दिलीय: 25 घोड्यांमागे एक पखाल आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर, या दोन्हींची सोय ठरवून लावलेली. आणि चिपळूणकडच्या मुक्कामातल्या जुमलेदारांना महाराजांनी लिहिलेलं पत्र? दाणागवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात उपास पडतील, घोडी मरायला लागतील, म्हणजे ती तुम्हीच मारलीत असं होईल, असा त्याचा आशय. ज्यांनी घोड्याच्या चाऱ्यासाठी सरदारांना झापलं, त्यांचं नाव घेऊन तुम्ही बादली पालथी घालता? घोड्याच्या वैद्याला सालोत्री हा शब्द आपल्याकडं काल आला नाही.

सुईबद्दल एवढंच. दुखायचं थांबतं, पायाची सुजलेली शीर, म्हणजे कंडरा, तशीच राहते, आणि त्याच पायावर तुम्ही पन्हाळ्याचा चढ चढवता. स्पर्धांत वेदनाशामकाला बंदी आहे ती यासाठी.

'मालकाला कळतं' म्हणे. माझा स्वतःचा घोडा चंदी (दाणा) फस्त करत होता आणि तरी मागच्या पायानं लंगडत होता, मला दोन दिवस पत्ता नव्हता.

नळीनं घोडा बुजतो, हे अर्धं खरं. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44. गर्दीत, अनोळखी घोड्यांत ते चढतातच. म्हणून शहाणा डॉक्टर थांबतो आणि परत मोजतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रत्येक टप्प्यानंतर ठरलेल्या मिनिटांत ठोके 64 किंवा त्याखाली यावे लागतात, नाहीतर घोडा बाद. पण निघतानाचे ठोके, ताप, चाल कुणी लिहूनच ठेवली नसेल तर पुढच्या टप्प्यावर काय कशाशी ताडून बघणार?

आणि पैशांचं. खोटं कशाला बोलू, एका रपेटीला खुर्चीतनं न उठता दाखल्यावर सही होताना मी पाहिलीय. त्यावर भांडा, मी येतो. पण सही खोटी होती म्हणून तपासणीच नको, हे कुठलं शहाणपण?

बादली भरून दिली, घोडी पाऊण बादली सलग प्याली. भाच्याला सांगून आलोय: परवा पहाटे साडेपाचला तिला तपासणीला आण. डॉक्टरसमोर दुडकीवर पळवताना दोर आखडून धरू नकोस. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडी मान वर झटकते, आणि ते तुझ्या मुठीत दडायला नको.