‘तेल ते तेलच, ग्रॅमला नऊ किलोकॅलरी’ म्हणे!

ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्या पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: तेल कुठलंही असो, ग्रॅमला ९ किलोकॅलरी मिळतातच, शंका असेल तर लॅबमध्ये जाळून बघा, तेव्हा बाजारात जे सर्वांत स्वस्त, तेच फीडमध्ये ओता.

आधी हा ९ चा आकडा. तो कोंबडीचा नाहीच. अमेरिकेत ॲटवॉटर या पोषणशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसांच्या जेवणावर काम करून तो काढला. माणूस चरबी जवळजवळ ९५ टक्के पचवतो, हे त्यात धरलेलं आहे. आठवड्याच्या पिल्लाकडे तेवढं पित्तही नसतं आणि चरबी पचवणारं लायपेजही नसतं.

‘जाळून बघा’ हे मात्र अर्धं खरं. बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे पदार्थ जाळून उष्णता मोजणाऱ्या यंत्रात, सोया आणि पाम दोन्ही किलोला ९,४०० किलोकॅलरीच्या आसपास येतात. पण पिल्लाच्या पोटात भट्टी नाही. त्याला काय मिळालं हे कळायला विष्ठाही जाळावी लागते: खाल्लेली ऊर्जा वजा पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये पडलेली. नुसतं तेल पाजता येत नाही, म्हणून एकाच मूळ खाद्यात तेलाचं प्रमाण पायरीपायरीने वाढवतात आणि ऊर्जा कशी चढते त्यावरून तेलाचा आकडा काढतात. ट्रेमधली पिसं आणि सांडलेलं फीड वेचायला कोणी कंटाळलं, की आकडा बिघडलाच. गंमत म्हणजे कधीकधी उत्तर ९,४०० च्याही वर जातं! तेलामुळे खाद्य आतड्यातून सावकाश सरकतं, बाकीचा घास जास्त पचतो, आणि त्याचं श्रेय तेलाच्या खात्यावर पडतं.

आता ‘सर्वांत स्वस्त’. वाइझमन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दिलेलं सूत्र पक्ष्याचं वय, तेलातल्या असंपृक्त-संपृक्त स्निग्धाम्लांचं प्रमाण आणि एफएफए (तेलात सुटी झालेली स्निग्धाम्लं) बघतं. एफएफए बाजूला ठेवून मी हिशेब केला. दीड आठवड्याच्या पिल्लाला सोया तेलातून किलोला सुमारे ८,९०० किलोकॅलरी, पाममधून ६,९००. टनाला ३० किलो तेल घालत असाल, तर फक्त नाव बदलल्याने दर किलो फीडमागे ६० किलोकॅलरी गेल्या. फीडच्या कागदावरच्या फॉर्म्युल्यात मात्र त्या दिसत राहतात.

ॲसिड ऑइल तर याहून अवघड. तेल रिफायनरीच्या सोपस्टॉकवर (तेल शुद्ध करताना उरलेल्या साबणासारख्या गाळावर) ॲसिड मारून ते काढतात. एफएफए भरपूर, शिवाय पाणी आणि गाळ. लोखंडी पळीत चमचाभर घेऊन तापवा. तडतडलं तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजलेत. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी काय बसलंय ते दिसेल.

पाम वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. त्याच सूत्राने साडेसात आठवड्यांच्या पक्ष्याला पाममधून ८,००० च्या जवळ मिळतात, सोयातून ९,१००. म्हणजे सोया १०० रुपये किलो असेल, तर पिल्लांच्या फीडसाठी पाम ७८ रुपयांच्या खाली मिळालं तरच स्वस्त. मोठ्या झालेल्या पक्ष्यांसाठी हीच रेघ ८७ वर जाते.