वजन उतरलेल्या माणसाला जमिनीवर कसे आणावे

लग्नसराईत हा प्रसंग तुमच्यावर येणारच. कार्यालयाच्या दारात अत्तर-गुलाबपाण्याचे सोपस्कार चालू असतात आणि समोरून एक ओळखीचा चेहरा येतो. चेहऱ्याखालची मात्र ओळख पटत नाही. गेल्या गणपतीत जिला तुम्ही 'मोदक जपून गं' म्हणाला होतात तीच ही भाची. ब्लाउजला दोन्ही बाजूंनी आतून टाके घातलेत आणि बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतायत. चौदा किलो उतरलेत म्हणे. तुम्ही मामा आहात, तेव्हा काहीतरी बोलणं तुम्हाला भागच आहे.

सुरुवात 'बरी आहेस ना गं?' अशी करावी. आवाज दवाखान्यात भेटायला गेल्यासारखा. पाठोपाठ 'चेहरा फार ओढलाय'. वीस वर्षं तुम्ही तिला 'जरा मनावर घे' सांगत होतात. आता तिने घेतलंय, म्हणून 'एवढंही नको हं' हे पुढचं वाक्य हाताशी ठेवा. मधे कुठेतरी एक बरोबर वजन असणार, पण ते कोणतं हे तिला कधीही कळू देऊ नका.

मग मुद्द्यावर या. 'काय केलंस?' तिने 'चालते, खाण्याकडे लक्ष देते' असं सांगितलं तर तुमचा थोडा हिरमोड होईल. 'टिकव म्हणजे झालं' एवढं म्हणून पन्ह्याकडे वळावं. पण तिने इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, 'डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय, आठवड्यातून एकदा' असं सांगितलं, तर आहेर वसूल झाला. लगेच तुटून पडू नका. आधी नुसतं 'अच्छा' म्हणा. हा 'अच्छा' नाकातून यावा आणि शेजारच्या तीन खुर्च्यांपर्यंत पोचावा.

ती आवाज खाली का आणते, हेही समजून घ्या, कामाला येईल. इंजेक्शनचं ते पेन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि फ्रिज सगळ्या घराचा असतो. म्हणून ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, सगळ्यात खालच्या कप्प्यात असतं. सासूबाई कोथिंबीर काढायला वाकल्या की हिच्या पोटात गोळा. चोरून सिगारेट ओढणाऱ्यांनाही आपल्याकडे यापेक्षा जास्त मोकळीक असते. ही शरम आपणच इतक्या वर्षांच्या मेहनतीने तयार केली आहे, ती वाया जाऊ देऊ नये.

आता मुख्य शब्द: शॉर्टकट. तो उच्चारताना मान हलवावी. घाम गाळून गेलेली चरबी सात्त्विक आणि सुईने गेलेली तामसी, हे समोरच्याच्या मनावर ठसलं पाहिजे. पहिल्या मजल्यावरच्या या हॉलमध्ये तुम्ही स्वतः लिफ्टने आलात तो भाग वेगळा. तुमचे गुडघे दुखतात.

'ते सरड्याचं विष असतं' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मुद्दाही इथे काढता येईल. त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे. त्याच्या लाळेत सापडलेल्या एका रेणूवरून या कुळातलं पहिलं औषध, एक्सेनाटाइड, २००५ साली बाजारात आलं. भाची घेते ते सेमाग्लुटाइड मात्र माणसाच्याच आतड्यात जेवणानंतर तयार होणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल आहे. आपलं घरचं जीएलपी-१ काही मिनिटांत विरून जातं, ही नक्कल आठवडाभर टिकते; पोट सावकाश रिकामं होतं आणि मेंदूला 'पुरे' हा शब्द ऐकू येतो. एवढं सगळं सांगत बसू नका. सरडा पुरेसा आहे.

संशोधनाच्या वाटेला मात्र शक्यतो जाऊच नये, तिथे तुमचा घात होईल. सेमाग्लुटाइडची एक मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली, १,९६१ माणसांवरची. काहींना खरं इंजेक्शन, काहींना खोटं. गोम अशी, की सल्ला सगळ्यांनाच दिला होता. दर चार आठवड्यांनी समोर बसवून: रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करा. ६८ आठवड्यांनी औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं आणि नुसता सल्ला पदरी पडलेल्यांचं २.४ टक्के. नव्वद किलोच्या माणसामागे सल्ल्याच्या खात्यावर जमा होतात जेमतेम दोन किलो, तेही सल्ला देणारा त्या कामाचा पगार घेत असेल तर. तुम्ही पंगतीत, तोंडात भजं असताना जो देता, त्याची चाचणी अजून कुणी घेतलेली नाही.

तुमच्या बाजूचा पुरावा नाहीच असं नव्हे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास २००२ साली छापून आला. आहार आणि व्यायामाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१. हा आकडा भाचीच्या तोंडावर फेकायला हरकत नाही. फक्त पुढचं गाळा: तिथे प्रत्येकामागे एक शिकवणारा माणूस होता, सोळा धडे होते, आणि पाठपुरावा वर्षानुवर्षं चालला होता. इथे भाची संध्याकाळी सातला ऑफिसातून येऊन पाच माणसांचा स्वयंपाक करते, त्यातल्या दोघांना पोळ्या गरम लागतात, आणि साडेनऊला चालायला बाहेर पडली तर फुटपाथवर स्कूटर लावलेल्या असतात. मी म्हणतो, जीवनशैली बदलायलाच हवी. कुणाकुणाची, हे पोळ्या कोण लाटणार ते ठरल्यावर बघू.

आहाराचा विषय निघाला की आपण मराठी माणसं फार श्रीमंत. जगाला एक पंथ पुरतो, आपल्याकडे दोन. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ऐकायचं तर दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. ऋजुता दिवेकरांचं ऐकायचं तर थोडं थोडं, वरचेवर खा आणि तुपाला घाबरू नका. तुम्ही भाचीला दोन्ही सांगा. दीक्षित सकाळी, दिवेकर दुपारी. तिने गोंधळून काहीच केलं नाही, की 'हिच्यात सातत्यच नाही' हे निदान तुमच्याकडे तयार आहे.

तुम्ही स्वतः बारीक असाल तर तुमच्या शब्दाला आपोआप वजन येतं. तेवढं पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव टाळा. त्यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि डॉ. जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. दोघेही सडपातळ, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. हातपाय काडीसारखे आणि चरबी आत लपलेली, हा आपला घरगुती साचा. झब्बा सैल शिवला तर बाहेर कळत नाही. तुमचा झब्बा छान आहे.

पैशाचा मुद्दा होता, तो आता हातचा चाललाय. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे असंच दुसरं इंजेक्शन भारतात आलं तेव्हा सगळ्यात लहान मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, आठवड्याला एक. 'तेवढ्यात वर्षाचं धान्य येतं' असं म्हणायला काय मजा यायची! पण सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच. देशी कंपन्या उतरल्या की 'श्रीमंतांचे चोचले' हे वाक्य बाद, 'हल्ली कुणीही घेतं' हे चालू.

'सोडलं की परत वाढतं' हे तुमचं ब्रह्मास्त्र. ते खरंही आहे. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या काहींचं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. हे सांगताना आवाजात जरा आनंद आला तरी चालेल. 'मग तुम्ही कोणती गोळी सोडून बघितलीत, मामा?' असं तिने विचारलं, तर 'अक्षता मिळाल्या का सगळ्यांना?' म्हणून उठावं.

एक पथ्य पाळा. उपयोगाचं काही विचारू नका. घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का, हे डॉक्टरांनी विचारलं का. मळमळ, बद्धकोष्ठ किती. पित्ताशयाचा त्रास होता का. चरबीबरोबर स्नायूही झडतात म्हणून डाळ-अंडी आणि वजनं उचलणं चालू आहे का. हे असले प्रश्न विचारलेत तर ती चक्क बसून बोलायला लागेल. आणि तिकडे नवऱ्यामुलाचा तो मित्र, ज्याला खरंच फक्त सहा किलो जास्त होते आणि ज्याने डॉक्टरांऐवजी जिमच्या पोराकडून पेन आणलंय, त्याला मात्र काही बोलू नका. तो पुरुष आहे, फिटनेसचं मनावर घेतलंय त्याने.

एवढ्यात पंगत बसते. भाचीच्या शेजारचं पान धरा. मठ्ठा, मसालेभात, मग जिलबी. तिच्या पानात एक पडते, अर्धी खाऊन ती पानावर हात आडवा धरते. 'पुरे, मामा. खरंच.' इतकी वर्षं तुम्हाला हाच संयम हवा होता. आता तो तुमच्यासमोर हात आडवा धरून बसलाय. तेव्हा वाढप्याला थांबवा. तिचा हात प्रेमाने बाजूला करा आणि दोन जिलब्या स्वतःच्या हाताने वाढा. 'लग्न काय रोज असतं? एवढ्याने काही होत नाही.'

ती खात नाही. नुसती हसते, पाणी पिते आणि पोराचं पान बघायला उठते.

अन्न टाकायचं नाही हा आपल्या घरचा संस्कार. इकडेतिकडे बघून तिच्या पानातल्या दोन्ही जिलब्या उचला. गरम आहेत, पाक छान मुरलाय. मग झब्ब्याच्या खिशातली पाकिटं चाचपा. पांढऱ्या पट्टीवरची शुगरची, ती जेवणानंतरची. लाल पट्टीवरची बीपीची, ती सकाळीच झाली.

'अहो, इकडे जरा पाणी द्या.'