परदेशातून: लाईन गेल्यावरचा हिशोब

आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद पेटलाय. विदर्भात दारव्ह्याजवळच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसलं, आता बॅटरी घ्यायची का? पुण्याच्या भाऊजींनी निकाल देऊन टाकला: "नेट मीटरिंग असताना बॅटरी म्हणजे पैसे पाण्यात. दिवसा युनिट वीज कंपनीला द्या, रात्री परत घ्या. कंपनीच तुमची बॅटरी!"

पुण्यात बसून बरं सुचतं. (मी ॲडलेडमध्ये बसून लिहितोय, ठाऊक आहे मला.)

लाईन गेली की भाऊजींची ही बॅटरीही जाते. शिवाय साधा ऑन-ग्रिड (म्हणजे लाईनला जोडलेला, बॅटरीविना) इन्व्हर्टर सोलरही बंद करतो, खांबावरच्या वायरमनला आपल्या छपराचा करंट लागू नये म्हणून. म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांत, ७८ हजार सबसिडीचं पॅनल वर तळपतंय आणि खाली आईचा कूलर गपगार. त्या सबसिडीत बॅटरीला छदाम नाही. इथे ऑस्ट्रेलियात मात्र जुलै २०२५ पासून घरच्या बॅटरीवर सरकार सुमारे ३० टक्के सूट देतं, आणि लाईन तर माझ्याकडे जातच नाही. विकलेल्या युनिटला मोजके सेंट मिळतात, संध्याकाळी घ्यावं तर कितीतरी पट मोजावे लागतात, म्हणून मी बॅटरी घेतली. भाऊजींचा पैशांचा हिशोब करायचाच तर माझ्या गॅरेजमध्ये येऊन करा.

गावात एवढंच विचारायचं, रात्री काय चालवायचं? कूलर आणि दोन पंखे, धरा ३०० वॅट. सहा तासांचे १.८ युनिट. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी, कागदावर नेमकी तेवढीच, पण रोज तळापर्यंत उपसली तर लवकर बसते. मग दोन घ्या, नाहीतर महागातली लिथियम एक. इन्व्हर्टर हायब्रिड लागेल, म्हणजे सोलर, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा. आणि बॅटरी पत्र्याखाली नको, उन्हाने तिचं आयुष्य घटतं. आजीच्या मातीच्या खोलीत ठेवा. चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र असलेल्या विदर्भात हा हिशोब करावा लागतो, यावर भाऊजी काही बोलत नाहीत.

मी लिथियमचाच हट्ट धरला, पैसेही पाठवतो म्हणालो. धाकट्याने विचारलं, "तीच काहून?"

खरं सांगितलं. तिचं ॲप असतं. रात्री कूलरचे वॅट दिसले की आई झोपली असं समजता येईल.

"मंग आईले फोन कर ना, दादा."